रविवारचा भाग ते रात्रभराची मालिका

संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तो 'इतिहासाचा मास्तर' म्हणून. संस्थेची नोंदणी, जागेची खरेदी, बोअरला पाणी लागलं तो दिवस, रस्त्याचं खडीकरण हे सगळं आजी-माजी पदाधिकाऱ्यांनी याच अंकात लिहिलं आहे, आणि ते त्यांनीच लिहावं हे योग्य. मी आपला वेगळा विषय घेतला. आपली सोसायटी आणि टीव्हीवरच्या रोजच्या मालिका या साधारण एकाच वयाच्या. या पंचवीस वर्षांत आपण काय बघितलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कसं बघितलं, किती दमाने बघितलं आणि कुणाशेजारी बसून बघितलं, याची नोंद मात्र कुठल्याच प्रोसिडिंग बुकात नाही.

हल्ली घरोघरची मुलं 'बिंज केली' असं म्हणतात. आठ-दहा भागांची मालिका एका बैठकीत, रात्र जागून संपवायची. इंग्रजीत हा शब्द मुळात दारूच्या आणि खाण्याच्या अतिरेकाला वापरतात. आपल्याकडे याला 'फडशा पाडणे' असा चांगला शब्द आहे. आणि आमच्या पिढीचे लोक लगेच म्हणतात की आमच्या वेळी असं नव्हतं, आठवड्याला एक भाग यायचा, माणसाला धीर होता. हे ऐकायला बरं वाटतं, पण इतिहासाच्या मास्तराला ते तसंच्या तसं मान्य करता येत नाही.

कारण दोन्ही पद्धती आपल्या गावात टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहेत. चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' ३६ अध्यायांचा, 'रामविजय' ४० अध्यायांचा, 'पांडवप्रताप' ६४ अध्यायांचा. रात्री जेवणं उरकली की कंदील घेऊन माणसं यायची, एकजण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. रोज एक अध्याय. पाऊस आला, कुणाच्या घरी सुतक पडलं, वाचणारा परगावी गेला तर पोथी थांबायची आणि सगळं गाव थांबायचं. पुढं काय होणार हे सगळ्यांना माहीत असायचं, तरी उद्याची वाट बघितली जायची. याच देवळात दुसऱ्या ऋतूत सप्ताह बसायचा. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय, नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या, सात दिवसांत पारायण करून संपवायच्या. गुरुचरित्राचंही सप्ताह-पारायण असतंच. आता सांगा, सात दिवसांत एवढी ज्ञानेश्वरी याला काय म्हणायचं? शिवाय खंडोबाचं जागरण रात्रभर, जत्रेतला तमाशा रात्रभर. म्हणजे एका दमात बघणं ही काही अमेरिकेतून आलेली गोष्ट नाही.

छापील गोष्टीचंही तेच. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. यमूचं पुढं काय झालं हे कळायला वाचकाला पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागलं. आज ती आपण पुस्तकात सलग वाचतो, आणि ती कधी तुकड्यातुकड्याने वाचली गेली होती याची आठवणही राहत नाही. गोष्ट तीच, बघण्या-वाचण्याचा वेग वेगळा. वेग बदलला की गोष्टीच्या आजूबाजूला काय बदलतं, तेवढंच मला इथं सांगायचं आहे.

टीव्ही आपल्याकडे उशिरा आला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रसारण सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत, पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तोवर आपला परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता; सरकारदरबारी आपण कुणाच्याच फार जवळ नव्हतो. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रसारण सुरू झालं, पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि १९८४ पासून देशभर छोटे-छोटे ट्रान्समीटर उभे राहू लागले. तेव्हा कुठं आपल्याकडच्या पडद्यावर मुंग्यांऐवजी माणसं दिसायला लागली. तीही अँटेना उंच बांबूवर बांधून. एकजण पत्र्यावर चढून अँटेना फिरवणार, एक दारात, एक टीव्हीपुढं. "आलं का?" "आलं आलं... गेलं!" हा संवाद ज्यांनी ऐकला नाही त्यांना पुढचं सगळं थोडं अवघड जाईल.

आणि मग २५ जानेवारी १९८७. त्या रविवारी सकाळी साडेनऊला रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं. भाग ७८, रविवार साधारण तेवढेच. दीड वर्ष.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नवाच लागलो होतो. रविवार हा सुट्टीचा वार आहे हे तोवर गावात फक्त आम्हा मास्तर मंडळींना, तलाठ्याला आणि बँकवाल्यांना माहीत होतं. शेतकरी आणि मजुराचा आठवडा बाजाराच्या वारावर चालायचा. बाजाराच्या दिवशी हजेरीचे पैसे मिळायचे, त्या दिवशी मीठ-मिरची, त्या दिवशी सुट्टी. 'रामायणा'ने पहिल्यांदा आमच्या भागाला ऐतवार शिकवला. साडेनऊच्या आत बैलांचं चारापाणी, शेणकूर, भाकरी उरकायची. मजूर बायांनी मुकादमाला सांगायचं की आज दहानंतर येऊ. फाट्यावर एसटी थांबली की ड्रायव्हर-कंडक्टर हॉटेलातल्या टीव्हीपुढं उभे राहायचे आणि गाडीतले उतारू तक्रार करायच्या ऐवजी त्यांच्या मागं उभे राहायचे. टीव्हीला हार घालणं, उदबत्ती लावणं, चपला बाहेर काढणं हेही मी पाहिलं आहे. आता लोक त्याला हसतात. पण घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. रामनवमी या मुलखाला टीव्हीने शिकवलेली नाही. पारावर पोथीपुढं ज्या मनाने बसायचे त्याच मनाने लोक त्या डब्यापुढं बसले.

या मालिकेला थांबवणं दूरदर्शनला जड गेलं. ठरलेले ५२ भाग वाढवत ७८ वर गेले. तरी १९८८ च्या उन्हाळ्यात पंजाबातल्या जालंधरच्या सफाई कामगारांनी मालिका इथं संपवू नका, पुढचं उत्तररामायणही दाखवा म्हणून संप केला. इतिहासात मी पुष्कळ संप शिकवले, पगारासाठी, कामाच्या तासांसाठी. गोष्टीचा पुढचा भाग मिळावा म्हणून झालेला संप हा एकच मला माहीत आहे. पुढं उत्तररामायण आलंही.

आता धीराचा मुद्दा. आठवडाभर थांबण्यात आमचा काही मोठेपणा नव्हता. चॅनेल एक, प्रायोजक हवा, उंबरगावच्या स्टुडिओत पुढचं चित्रीकरण चालू असतानाच मागचे भाग दाखवले जात होते. सगळे भाग एकदम मिळाले असते तर आम्ही ते एकदमच बघितले असते, याची मला खात्री आहे. पुरावा म्हणजे व्हिडिओ. त्याच काळात गणपतीत किंवा कुणाच्या लग्नाच्या गोंधळानंतर परतूर-जालन्याहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचे. डोई रुपया-दोन रुपये वर्गणी. भाडं रात्रीचं असायचं, त्यामुळे ते वसूल करायला तीन पिक्चर ओळीने. लाइट गेली की सगळे तिथंच घोंगडी पांघरून आडवे, लाइट आली की पुन्हा उठून बसायचं. तिसरा पिक्चर संपेपर्यंत कोंबडा आरवायचा आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली अर्धी पोरं बाकावर डोकं टेकून झोपलेली. हेच लोक रविवारी पस्तीस-चाळीस मिनिटांवर समाधान मानून घरी जायचे. माणसं तीच होती.

मग त्या आठवड्याच्या अंतराने काय केलं? माझ्या मते त्याने एक काम केलं, आणि ते फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं. ज्यांचा भाग चुकला त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचवण्याचं काम त्याने गावाला लावलं.

भाग चुकणं ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती. तो परत लागत नसे. चुकला तो चुकला. आणि चुकायचा कुणाचा? ज्यांच्या कापसाची वेचणी रविवारवर थांबत नाही त्यांचा. बाळंतिणीचा. म्हातारीला सांभाळत घरी बसलेल्या सुनेचा. लाइट गेल्याने तर सगळ्या गावाचाच. आमच्या गल्लीत एक मावशी होत्या, अक्षरओळख नव्हती, पण सांगण्यात हात धरणारं कुणी नाही. त्यांनी बघितलेला भाग सोमवारी सकाळी खुरपणीच्या पातीवर सुरू व्हायचा. बाया ओळीने बसलेल्या, मावशी मधल्या पातीवर. "मंग काय गं मावशे, गेला का हनुमंत लंकेत?" अन् मावशी थांबायच्या, पदर खोचायच्या, आणि सुरू. टीव्हीवर जे पाऊण तासाच्या आत उरकलं ते त्यांच्या तोंडी बुधवारपर्यंत चालायचं. मूळ मालिका हिंदीत, तीही जड संस्कृत वळणाची. मावशींचा राम आमच्या मराठवाडी बोलीत बोलायचा आणि कैकयीला त्या अशा शब्दांत सुनावायच्या की रामानंद सागरांना सुचलं नसतं. मध्येच पोथीतला एखादा प्रसंग घुसायचा, जो मालिकेत नव्हताच. पण ऐकणाऱ्या बाईला काय, तिचा रविवार भरून निघायचा. शाळेतही सोमवारची प्रार्थना झाली की पहिला तास याच गोष्टीचा. आदल्या दिवशी शेतावर राखणीला गेलेल्या पोराला बाकीचे घेरून सगळं करून दाखवायचे, बाणासकट.

हे मी कौतुकाने सांगतो आहे, पण कौतुकाची दुसरी बाजू न सांगणं हा इतिहास नव्हे. टीव्ही गावात दोन-तीनच होते आणि ते कुणाच्या तरी घरात होते. पहिला ज्या मोठ्या घरात आला तिथं ओसरीवर कोण बसणार, अंगणात कोण आणि कुडाबाहेर उभं राहून कोण बघणार, हे टीव्ही यायच्या आधीच ठरलेलं होतं. टीव्हीने त्यात काही बदल केला नाही. घराच्या बायका तर आतल्या दाराआडून बघायच्या, कारण ओसरीवर परके पुरुष. म्हणजे ज्यांच्या घरात टीव्ही त्याच बायकांना तो सगळ्यात कमी दिसायचा. मालकाचं मन मोडलं, शेताच्या बांधावरून शब्द झाला, तर त्या घरच्या पोरांना रविवारी दार बंद. "अख्खं गाव एका टीव्हीपुढं" असं आपण म्हणतो तेव्हा ते गाव कसं बसलं होतं हेही आठवावं. ज्यांना कुडाबाहेर उभं राहावं लागलं ते आज 'ते दिवस परत यावेत' म्हणताना मला तरी दिसत नाहीत.

'महाभारता'च्या वेळी, २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, ९४ भाग, हे थोडं सैल झालं होतं. ब्लॅक अँड व्हाइट संच स्वस्त झाले, हप्त्यावर मिळू लागले. व्हिडिओकॉनचा कारखाना आपल्या औरंगाबादकडचाच, त्यामुळे 'आपल्याकडचा टीव्ही' म्हणून लोक कौतुकाने घ्यायचे. लाइट नसली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून बारा व्होल्टवर चालणारे छोटे संच आले. एका टीव्हीपुढं शंभर माणसं होती ती वीस-पंचवीसवर आली. नितीश भारद्वाज या मराठी मुलाचा कृष्ण बघायला आमच्या घरीही दोन गल्ल्यांची माणसं बसायची. आईने सगळ्यांना सतरंजी एकच टाकली. तिच्या सासऱ्यांच्या काळात हे झालं नसतं.

मग आली आपली सोसायटी. फाट्याकडच्या या माळावर पहिली दहा-बारा घरं उभी राहिली तेव्हा घरात फर्निचर नव्हतं, पण प्रत्येक घरात टीव्ही होता. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं, 'आभाळमाया' आली. पुढच्या जुलैत ई टीव्ही मराठी. त्याच ३ जुलै २००० ला हिंदीत 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' एकाच दिवशी सुरू झाले. आठवडा मोडला तो इथं. भाग रोजचा झाला. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. नाव चार दिवसांचं आणि मुक्काम अकरा वर्षांचा, असा विनोद आमच्या कट्ट्यावर नेहमी व्हायचा.

रोजच्या मालिकेने काय केलं ते आपल्या संस्थेच्या नोंदवहीत डोकावलं तरी दिसेल. सुरुवातीला व्यवस्थापक समितीच्या सभा रात्री आठला असायच्या. पुढं त्या रविवारी सकाळी दहाला गेल्या. कारण म्हणून 'सभासदांच्या सोयीसाठी' असं लिहिलं आहे. ज्या वेळी 'रामायणा'पायी गावात चिटपाखरू फिरकत नसे, ती रविवार सकाळ आता सभेला मोकळी झाली होती आणि रोजची रात्र बुक झाली होती. हळदीकुंकू दुपारी चारला, भिशी पाचच्या आत. रोजच्या भागात फारसं घडायचंही नाही. कुणीतरी दार उघडणार, तिघांचे चेहरे तीनदा दिसणार, उरलेलं उद्या. शिवाय सकाळी पुनःप्रसारण. त्यामुळे चुकलं तरी कुणाला विचारायची गरज नाही. पातीवरच्या मावशींचं काम इथं संपलं.

अपवाद भारनियमनाचा. साधारण २००५ नंतरची काही वर्षं आठवा. दहा-दहा, बारा-बारा तास लाइट नाही. पहिल्या गल्लीतल्या एका घरी इन्व्हर्टर होता. मालिकेच्या वेळी त्या घरी पंधरा-वीस बाया, पोरं, मांडीवर निवडायची भाजी. ज्या वहिनींचं ते घर, त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, चहा मात्र प्रत्येकीने आळीपाळीने आणायचा असा त्यांचाच नियम. सोसायटीतल्या निम्म्या बायकांची खरी ओळख त्या अंधारात झाली असं माझी पत्नी सांगते. महावितरणचं वेळापत्रक सुधारलं आणि ती बैठक मोडली.

फडशा पाडण्याची सोय आपल्याकडे इंटरनेटच्या आधी आली ती मेमरी कार्डातून. फाट्यावरच्या मोबाइल दुकानात वीस-तीस रुपये दिले की कार्ड भरून मिळायचं, गाणी, पिक्चर, मालिकेचे भाग, सगळं. तिकडं अमेरिकेत १ फेब्रुवारी २०१३ ला नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्स' या मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले. जगात त्याचा मोठा गाजावाजा झाला. आपल्या फाट्यावर कार्डवाला तेव्हा तेच करत होता, त्याची बातमी झाली नाही इतकंच. (ते कायद्यात बसत नव्हतं हे वेगळं सांगायला नको.) मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. त्याआधी आपण डेटा एमबीत मोजायचो, घरातलं लग्नाचं आमंत्रण मोजल्यासारखं. नंतर तो रोज मिळायला लागला आणि रोज संपवायचा असतो असं मुलांना वाटायला लागलं. भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. थांबायचं असेल तर तुम्ही काहीतरी करायचं, चालू ठेवायला काही करावं लागत नाही. जुन्या व्यवस्थेच्या हे बरोबर उलट आहे.

आणि मग एक असा योग आला की दोन्ही पद्धती एकाच गोष्टीवर ताडून बघता आल्या. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने तेच 'रामायण' पुन्हा लावलं. रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला. जे ७८ भाग बघायला आम्हाला दीड वर्ष लागलं होतं ते १८ एप्रिलला संपले. तीन आठवड्यांत. 'महाभारत'ही त्याच वेळी डीडी भारतीवर. १९८७ साली अठरा महिने रामाबरोबर काढलेला माणूस आता बावीस दिवसांत अयोध्येत परत.

मला वाटलं होतं, लोक एक-दोन दिवस गंमत म्हणून बघतील. तसं झालं नाही. रात्री नऊला आपल्या गल्लीतून चालत गेलं तर (गच्चीवरून म्हणू या, खाली फिरायला बंदी होती) प्रत्येक खिडकीतून एकच आवाज, एकाच वेळी. कुणी कुणाच्या घरी जाऊ शकत नव्हतं आणि तरी सगळे एकच दृश्य बघत होते. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून गॅलरीत बोलणं: "काल जटायू झाला ना?" "नाही हो, आज सकाळी." मधला आठवडा नव्हता, पण वेळ ठरलेली होती, आणि तेवढ्याने काम भागलं. त्याच एप्रिलच्या ३ तारखेला 'पंचायत' ही आठ भागांची हिंदी मालिका मोबाइलवर एकदम आली. गावाची, ग्रामसेवकाच्या टेबलाची, आपल्यालाच जवळची गोष्ट. माझ्या मुलाने ती एका रात्रीत संपवली, सुनेने तीन दिवसांत, शेजारच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात. तिघांनाही आवडली, पण तिघांचं एकत्र बोलणं काही झालं नाही. एकजण सुरुवात करायचा, दुसरा कानावर हात ठेवायचा, "पुढचं सांगू नका!"

हे वाक्य मला फार नवं वाटलं. पातीवरच्या बाया मावशींना 'सांग' म्हणायच्या. आता सांगणारा म्हणजे गोष्ट बिघडवणारा.

पण म्हणून सुनेने सगळे भाग तिच्या सवडीने बघू नयेत असं मी म्हणणार नाही. तिला दिवसभराची नोकरी आहे, संध्याकाळी घर आहे, तिचा वेळ रात्री अकराला सुरू होतो. तिने काय बघायचं आणि किती बघायचं हे कुणा ओसरीच्या मालकाला विचारावं लागत नाही, सासऱ्यालाही नाही. माझ्या आईने 'रामायण' दाराआडून बघितलं होतं. हा फरक छोटा नाही, आणि आठवड्याच्या भागाच्या आठवणीने डोळे भरून येणाऱ्या मंडळींनी तो हिशोबात धरला पाहिजे. झोपेचं काय ते तिचं ती बघेल.

गंमत अशी की आठवडा पुन्हा मागच्या दाराने आलाच आहे. मोबाइलवरच्या मोठ्या कंपन्याही अलीकडे काही मालिका आठवड्याला एक भाग अशा सोडू लागल्या, लोकांनी महिना-दोन महिने पैसे भरत राहावेत हा त्यांचा हेतू उघडच आहे. आणि आपल्या मराठीत यूट्यूबवर बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची 'चांडाळ चौकडीच्या करामती' बघा. गावातलीच माणसं, गावातलीच भाषा, आठवड्याला एक भाग. आपल्या सोसायटीच्या वॉचमनपासून निवृत्त नायब तहसीलदारांपर्यंत सगळे ती बघतात आणि नवा भाग आला की कट्ट्यावर त्याचंच बोलणं. ज्याने बघितला नाही त्याला तिथंच मोबाइल काढून दाखवला जातो. सांगायचे कष्ट कुणी घेत नाही, एवढं मात्र खरं.

हे सगळं लिहायचं कारण आता सांगतो. रौप्यमहोत्सवाच्या शिल्लक रकमेतून सभागृहात मोठा टीव्ही बसवावा असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढं आहे. खर्च वाया जाईल असं काहींचं मत आहे आणि त्यांचं अगदीच चूक नाही. ज्याच्या त्याच्या खिशात पडदा आहे. पण आपल्या तीन गल्ल्यांत आज अकरा घरं अशी आहेत की जिथं फक्त म्हातारा-म्हातारी किंवा दोघांपैकी एकच उरलेलं आहे. मुलं पुण्याला, संभाजीनगरला, एक-दोन परदेशात. त्यांच्या घरी टीव्ही दिवसभर चालू असतो आणि त्यावर बोलायला कुणी नसतं. मी ही घरं नावानिशी सांगू शकतो, तुम्हीही सांगू शकाल.

माझं मत ठरावाच्या बाजूने आहे, तीन अटींसह, आणि त्या अटी या इतिहासातूनच आल्या आहेत. एक, सभागृहातला टीव्ही रोज लावायचा नाही. शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, एकच भाग, मग मालिका कोणतीही असो आणि पुढचा भाग मोबाइलवर उपलब्ध असला तरी. ज्यांना राहवणार नाही त्यांनी घरी जाऊन बघावा, फक्त पुढच्या शनिवारपर्यंत तोंड बंद ठेवावं. दोन, कोणती मालिका लावायची हे महिला मंडळाने ठरवावं, पहिलं वर्षभर तरी. तीन, सतरंजी एकच, खुर्च्या फक्त गुडघेदुखीवाल्यांना, आणि त्यात पदाधिकारी म्हणून कुणाची खुर्ची राखीव नाही. रिमोट आणि सभागृहाची किल्ली दर महिन्याला वेगळ्या घरी जावी. यादी करून द्यायला मी तयार आहे. पहिला महिना पहिल्या गल्लीतल्या त्या इन्व्हर्टरवाल्या वहिनींना द्यावा असं मी सभेत सुचवणार आहे. चहाचं काय करायचं हे त्यांना बरोबर माहीत आहे.